तारेचा रोध शून्य धरला

मी तारेचा रोध शून्य धरला. वर्ध्याच्या एका कॉलेजात मी फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, म्हणजे तारा कशा जोडायच्या हे पोरांना दाखवायलाच मला ठेवलं होतं. आणि ही चूक मी केली ती घरी, माझ्याच तान्ह्या लेकीच्या अंथरुणाखाली.

ऐंशीच्या आसपासचा हिवाळा. बायको नुकतीच बाळंत झालेली. समुद्रपूर तालुक्यातल्या तिच्या माहेरी दवाखाना नव्हता, म्हणून सासूबाईच आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आल्या. येताना गोवऱ्यांचं पोतं घेऊन. संध्याकाळी टोपल्यात निखारे, त्यांच्या भाषेत 'आर', फुलवून बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवायचे, हा त्यांचा शेक. पहिल्याच दिवशी खोलीत धूर झाला आणि माझं डोकं फिरलं.

"विज्ञान शिकवणाऱ्याच्या घरात धूर?" मी ओरडलो. "मी विजेची शेगडी आणतो!"

आणलीसुद्धा. चिनीमातीच्या थाळीत तारेचं वेटोळं. सासूबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"याच्यात ना कोळसा, ना गोवरी. मंग आर कायचा होते?"

झालं, माझा तास सुरू झाला. तारेत इलेक्ट्रॉन आधीपासूनच खच्चून भरलेले असतात. बटण दाबलं की सगळ्यांना एकदम रेटा बसतो. ते धातूच्या अणूंवर धडकतात, रेट्यातून मिळालेली ऊर्जा तिथंच सांडतात, तिची उष्णता होते. इलेक्ट्रॉन स्वतः मात्र जळत नाहीत. जितके आत शिरतात तितकेच बाहेर पडतात.

"एकबी कमी होत नाई?"

"एकही नाही!"

"मंग बिल कायचं येते?"

बायको पदर तोंडाशी धरून हसली. बिल ऊर्जेचं येतं, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण मला राग आला आणि मी तार ओढायला घेतली.

शेगडीचा प्लग बसेल असा पॉइंट होता स्वयंपाकघरात. तिथून बाजेपर्यंत न्यायला मी प्रयोगशाळेतून टाकाऊ तार आणली होती. बारीक, जुनी, आतले निम्मे धागे तुटलेले. तुकडे पिळून पिळून जोडले, वर चिकटपट्टी. पायात येऊ नये म्हणून तार बाजेवरून नेली आणि उरलेली गुंडाळी गोधडीखाली सारली, नेमकी पोरीच्या बाजूला. तारेचा विचार मी केलाच नाही. का करावा? आमच्या प्रत्येक गणितात छापलेलं असायचं, 'जोडतारांचा रोध शून्य धरा,' म्हणजे तारा विजेला अडवतच नाहीत असं समजा. कागदावर तार म्हणजे एक सरळ रेघ. ती तापत नाही, तुटत नाही, कुणाच्या अंगाखाली येत नाही.

बाजेखाली शेगडी पेटली, पण लालभडक काही होईना. नुसती तांबूस. सासूबाईंनी गोवऱ्यांच्या पोत्याकडे पाहिलं फक्त. ते पाहणं मला झोंबलं. मी खिडकीत जाऊन वीजवाल्यांच्या नावानं शंख केला. व्होल्टेज देत नाहीत, लेकाचे! यांच्या तारा गंजल्यात!

"अहो, बल्ब तर रोजच्यासारखाच आहे," बायको म्हणाली.

"तू पडून राहा! बल्बचं तुला काय कळतं?"

बल्ब त्याच विजेवर होता, फक्त माझ्या तारेवर नव्हता. हे मला तिथल्या तिथे कळायला हवं होतं. पण मी भांडणात रमलो होतो.

तेवढ्यात पोर ओली झाली. दुपटं बदलायला सासूबाईंनी तिच्याखाली हात घातला आणि पोरीला खसकन उचललं.

"जवाईबापू! शेगडी थंडी अन् गोधडी काऊन तापून राह्यली?"

मी धावत जाऊन प्लग उपसला. गोधडी उलटली तर तारेचा एक जोड काळाठिक्कर, चिकटपट्टी वितळलेली आणि कापसातून बारीक धूर. विज्ञानाच्या घरातला धूर. पोरीला काही झालं नव्हतं. झोपमोड झाली म्हणून ती घर डोक्यावर घेत होती. मी मात्र घाबरलो होतो, आणि घाबरलो म्हणून आणखी चिडलो.

इलेक्ट्रॉनांना काय माहीत शेगडी कोणती आणि गोधडी कोणती! तीच गर्दी तारेतून जाते, जोडातून जाते, वेटोळ्यातून जाते. जिथं अडते तिथं ऊर्जा सांडते. सैल जोडात ती अडली, तिथं चूल पेटली, आणि शेगडीला उरलंसुरलं मिळालं. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो! मी पुस्तक काढलं, ते वाक्य शोधलं आणि सासूबाईंसमोर नाचवलं. "हे पाहा, हे! शून्य धरा म्हणे! कोण गाढव लिहितो हे? पोरांना हेच शिकवायचं, आणि मग त्यांनी घरं जाळायची!"

सासूबाई नातीला थोपटत होत्या.

"पुस्तकाले काऊन शिव्या देता, जवाईबापू? पोरगी देताना आमीबी तुमाले हुशार धरलं होतं. टोपलं आना अन् गोवऱ्या पेटवा."