ह्यूच्या अंगणातला खांब

माझा दीर ह्यू मॅकनॅरी याला बायको नव्हती, पोरं नव्हती, पण त्याच्या घरात माणसांचा तोटा कधी पडला नाही. मोनोन्गहेला नदीच्या आमच्या खोऱ्यात दारू गाळायची सगळ्यात चांगली तांब्याची भट्टी त्याची. राय नावाचं धान्य पिकलं की जो तो पोती घेऊन त्याच्याकडेच यायचा. दारू उतरेपर्यंत बायाबापड्या, म्हातारेकोतारे भट्टीच्या उबेला बसून गावगप्पा हाणत. ह्यू स्वतः फारसा बोलत नसे. माणसं बसली आहेत, एवढ्यावरच तो खूश. माझा नवरा गेल्यावर मी त्याची चूल सांभाळली, म्हणून हे सगळं मला ठाऊक.

मग फिलाडेल्फियाच्या सरकारने दारूवर कर बसवला, आणि तोही रोख नाण्यात! आमच्याकडे नाणं कुठलं? आमचे पाद्रीबाबासुद्धा वर्षाच्या प्रवचनांबद्दल दारूचे बुधले घेत. इंग्लंडच्या राजाला हाकलताना आमची पोरं मेली, आणि आता डोंगरापलीकडचे कोण कुठले साहेब आमच्या भट्ट्या मोजणार! मी चिडले होते, अजूनही चिडलेलीच आहे. मात्र पुढे जे झालं, त्यात सरकारइतकेच आमचे लोकही आले.

ऑगस्टमध्ये एबेनेझर स्प्रोल तीसेक माणसं आणि पाइनचा भलामोठा सोट घेऊन दारात हजर. एबेनेझर आमच्या खोऱ्याचा पुढारी, आवाज नगाऱ्यासारखा.

"ह्यू, या कराविरुद्ध स्वातंत्र्याचा खांब उभारतोय. तुझं अंगण अगदी चव्हाट्यावर, इथेच शोभेल."

"इथे? भट्टीला लागून आहे रे जागा."

"अरे, भट्टीसाठीच तर चाललंय सगळं! का रे, तू सरकारच्या बाजूचा की काय?"

सगळे हसले, ह्यूही हसला. त्याने खांदा लावला. झाडाएवढा खांब उभा राहिला, वर झेंडा फडकला, आणि मी तीस माणसांना मक्याच्या कण्या आणि डुकराचं मांस रांधून घातलं.

ऑक्टोबरात बातमी आली की हजारोंची फौज डोंगर ओलांडून येतेय. ज्याच्या अंगणात खांब दिसेल त्याला बांधून फिलाडेल्फियाला नेणार. त्याच आठवड्यात वादळ झालं आणि खांब भट्टीच्या छपराकडे कलला. दहा माणसांनी दोर लावून ओढला असता तर तो रस्त्यावर सुखरूप पडला असता. एकट्याने कापला तर भट्टीवरच कोसळणार होता.

ह्यू एबेनेझरकडे गेला. मीही गेले, कारण हा तोंड उघडणार नाही याची मला खात्री होती.

"एबेनेझर, दहा माणसं दे," मीच म्हणाले.

"उभारायला दिली होती की, जेनेट."

"आता पाडायला दे."

"मला काय वेड लागलंय? जो खांब पाडेल त्याचं कोठार पेटेल. मी नाही म्हणत हो, लोक म्हणतात."

"लोक म्हणजे तूच ना?"

"ह्यू, तुझ्या वहिनीला आवर. तुझं अंगण, तुझा खांब."

आणखी चार घरं फिरलो. एकाची कंबर धरली होती, दुसऱ्याची गाय व्यायली होती. परत येताना मी म्हटलं, "चल, ओहायोकडे निघून जाऊ."

"भट्टी टाकून?"

"भट्टी काय, जीव वाचव आधी."

"वहिनी, तिथे मला ओळखतं कोण?"

पुढे कित्येक दिवस तो खांबाखाली नुसता येरझारा घालायचा. घास गिळेना. इकडे आड, तिकडे विहीर. मला त्याची कीव येई, आणि लगेच संतापही येई. अखेर एके दिवशी भर दुपारी नदीकडून फौजेचे ढोल ऐकू आले, आणि ह्यूने करवत काढली. मी अडवलं नाही. खांब छप्पर फोडून थेट भांड्यावर आदळला. बापाच्या हातचं तांबं चेपून त्याची पत्रावळ झाली. ह्यू शेजारी जाऊन बसला.

थोड्या वेळाने कॅप्टन आला. मागे एबेनेझर आणि गावातले आणखी पाच जण, एकाच दोराला बांधलेले. कॅप्टनने पडलेला खांब पाहिला, चेपलेली भट्टी पाहिली, आणि घोड्यावरून उतरून ह्यूचा हात हातात घेतला.

"या डोंगरात एक तरी इमानदार माणूस निघाला!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "सरकारसाठी स्वतःची भट्टी मोडली! बघा रे, बघा याच्याकडे!"

सगळ्यांनी पाहिलं. एबेनेझरनेही पाहिलं, आणि तो थुंकला.

ते निघाले तेव्हा ह्यू मागे धावला. ओढ्याच्या उतारावर त्याने त्यांना गाठलं. "साहेब, मलाही न्या. खांब माझ्या अंगणात होता. मीही खांदा लावला होता."

"पाडला कोणी?"

"मीच."

"मग झालं तर. जा घरी."

ह्यू ऐकेना. कैद्यांच्या रांगेत शिरून तो एबेनेझरच्या शेजारून चालू लागला. तेव्हा एबेनेझरने त्याला कोपराने बाजूला ढकललं. "चल नीघ, सरकारच्या जावया!"

त्यावर सैनिक हसले, आणि बांधलेले आमचे लोकही हसले. सबंध वर्षात दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते तेवढ्याच एका गोष्टीवर.

ह्यू ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा होता. मी हात धरून त्याला बाहेर काढलं.

"वहिनी, आता आपल्याकडे कोण येणार?"

"येतील रे," मी म्हणाले. मला काही तसं वाटत नव्हतं.

पुढल्या उन्हाळ्यात एबेनेझर सुटून आला. खोऱ्याने त्याला मोठी मेजवानी दिली. गाणी आमच्या अंगणापर्यंत ऐकू येत होती. आम्हाला बोलावणं नव्हतं.