जित्याले लावीन हात

पुंडलिकभाऊ गेल्याचं मला अकोल्याच्या कापूस बाजाराजवळ कळलं. मी शिकवते ती शाळा सुटल्यावर भाजी घेऊन घरी निघाले होते. कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. त्यातल्या एका गाडीवरून एक तरणा शेतकरी उतरून माझ्याकडे आला आणि पाया पडला. शेतकी केंद्रातला जुना विद्यार्थी, चेहरा ओळखीचा, नाव मात्र काही केल्या आठवेना. म्हणाला, "बाई, तुमाले समजलं नसन. पुंडलिकभाऊ गेले न."

"कोण पुंडलिकभाऊ?" मी विचारलं. जणू माझ्या ओळखीत दहा पुंडलिकभाऊ होते! तो बिचारा गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "आपले. गोठ्यावाले." छातीत कळ आली म्हणून अंगणातल्या बाजेवर बसले ते बसल्या जागीच... पन्नाशीही नीट ओलांडली नव्हती. घरी आल्यावर लक्षात आलं, की भाजीची पिशवी मी त्याच्या गाडीशीच विसरून आले होते.

परतवाड्याहून अंजनगाव सुर्जीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गावाला लागून आमचं शेतकी शिक्षण केंद्र होतं. गावाचं नाव घेत नाही. आता तिथली माणसं पुष्कळ बदलली आहेत. अमरावतीचे एक नामांकित वकील, आम्ही त्यांना काकासाहेब म्हणत असू, यांनी चालती वकिली सोडली, वडिलोपार्जित जमीन एका ट्रस्टच्या हवाली केली आणि शेतकऱ्यांच्या पोरांना शेती शिकवायला हे केंद्र काढलं. काम करणारी आम्ही मोजकी माणसं. मी अमरावतीच्या शिक्षकाची मुलगी. बायकांना लिहायवाचायला, परसबाग करायला आणि कोंबड्या पाळायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. गोठा आणि जनावरांचं सगळं शिक्षण पुंडलिकभाऊ तायड्यांकडे. सातवी पास झालेले, नागपूरला जनावरांच्या उपचारांचं शिक्षण घेऊन आलेले, उंच, सडसडीत, सदा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. गोठ्यात दिवस काढणाऱ्या माणसाचे कपडे इतके पांढरे कसे राहतात, याचं मला कायम नवल वाटे.

मी केंद्रात आले त्या दिवशी मात्र ते कपडे पांढरे नव्हते. गाय अडली होती आणि पुंडलिकभाऊंचा हात खांद्यापर्यंत तिच्या पोटात होता. मी दारात नुसती उभी. मागे वळून न पाहता ते म्हणाले, "बाई, थो दोर धरा."

"मी?"

"दुसरं कोन हाय इथं?"

मी दोर धरला. ते सांगतील तेव्हा ओढला, सांगतील तेव्हा सैल सोडला. वासरू बाहेर आलं ते निपचित. त्यांनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, नाकपुडीला तोंड लावून फुंकर घातली, पुन्हा घातली... आणि त्या ओल्या गोळ्याने एकदम मान झटकली. माझ्या नव्या पातळाचा सत्यानाश झाला होता. त्याकडे पाहून ते हसले आणि म्हणाले, "झालं. आता तुमी केंद्राच्या झाल्या."

त्यानंतर वर्षभराने ते वडील, तुळशीरामबाबा, आणि पत्नी शेवंताबाई यांच्यासह नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीतली बहुतेक घरं दीक्षेला गेली होती. परत आल्यावर सगळ्यांनी मिळून ठरवलं, की गावातलं मेलेलं ढोर यापुढे ओढायचं नाही. पिढ्यानपिढ्या ते काम त्या वस्तीच्या माथी मारलेलं होतं. तुळशीरामबाबांचं उभं आयुष्य त्यात गेलेलं. गावाला हे रुचलं नाही. किराण्याच्या दुकानाने वस्तीला मीठ-तेल देणं बंद केलं, चक्कीवाल्याने दळण नाकारलं, शेतात कामाला बोलावणं थांबलं. मग गावातली चार वजनदार माणसं केंद्रात आली. पाटील पुढे होते. काकासाहेबांना म्हणाले, "पुंडलिकले काढा. नाई त आमी आमचे पोरं काढतो."

काकासाहेब खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "पोरं तुमची आहेत, न्या. पुंडलिक केंद्राचा आहे."

दुसऱ्या दिवशी वर्गात मोजकीच पोरं उरली. पुंडलिकला सोडा, म्हणून अमरावतीच्या विश्वस्तांचे निरोपावर निरोप येऊ लागले. एका संध्याकाळी पुंडलिकभाऊ स्वतःच काकासाहेबांकडे आले. मी तिथेच होते. म्हणाले, "मी जातो, काकासाहेब. माह्यापायी केंद्र बंद पडन."

"पडू दे," काकासाहेब म्हणाले. "तुला घालवून चालवलेल्या केंद्रात मी पोरांना शिकवू काय?" पुंडलिकभाऊंनी मान खाली घातली. धारांची वेळ झाली म्हणून गोठ्याकडे निघून गेले.

तो उन्हाळा कसा गेला ते आम्हालाच ठाऊक. आणि त्याच्या शेवटी परतवाड्याच्या बैलबाजारातून आमच्या भागात बुळकांडी आली. आजच्या वाचकांपैकी शहरातल्यांना हा शब्द माहीत नसेल. ढोरांना ताप यायचा, तोंडात फोड, डोळ्यांतून घाण, मग हगवण, आणि आठवडाभरात गोठे रिकामे. आमच्या केंद्रात पहिली गेली ती मैना. पुंडलिकभाऊंची लाडकी, गवळाऊ जातीची गाय. रात्रभर ते तिच्याजवळून उठले नव्हते. सकाळी तिने मान टाकली तेव्हा ते तसेच तिच्या कपाळावर हात ठेवून बसून राहिले. मग उठले आणि खुंटीवरचा दोर काढू लागले.

काकासाहेबांनी पुढे होऊन तो दोर त्यांच्या हातातून घेतला. "तू हात लावायचा नाहीस."

"काकासाहेब, मैना हाय थे... माही मैना."

"माहीत आहे मला. पण मेलेलं ओढणार नाही, असा शब्द दिलास ना वस्तीत? मग तो शब्द केंद्राचाही आहे. तू बस."

ज्यांच्या अमरावतीच्या घरी अजून सोवळंओवळं पाळलं जाई, त्या काकासाहेबांनी धोतराचा काचा मारला. पिकांचे शिक्षक आले, माळी आला, उरलेली पोरं आली, मीही पदर खोचला. आम्ही मैनेला ओढत बांधापर्यंत नेलं आणि चुना टाकून खोल पुरलं. काकासाहेबांचे हात सोलवटले होते. रस्त्याने जाणाऱ्या गाड्या थांबल्या होत्या. तासाभरात गावात घरोघर ते कळलेलं होतं. पुंडलिकभाऊ गोठ्याच्या पायरीवर बसून होते. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

गावात तोवर ढोरं पटापट मरू लागली होती. ती ओढायला कुणी नव्हतं. वेशीपाशी, नाल्यात, उकिरड्यावर मेलेली ढोरं पडून. वास केंद्रापर्यंत यायचा. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर एकटे, हाताखाली सगळा तालुका. त्यांनी पुंडलिकभाऊंना लस टोचायची परवानगी दिली आणि अमरावतीहून सकाळच्या एस.टी.ने बर्फात घातलेली लस धाडतो म्हणून कळवलं. ती लस बर्फ टिकेल तोवरच चाले, आणि एकदा कालवली की थोड्या वेळात संपवावी लागे, नाहीतर वाया.

लस आली. गावात निघण्याआधी पुंडलिकभाऊ घरी गेले. मी लसीचा डबा सांभाळायला बरोबर होते. शेवंताबाई चुलीपुढे होत्या. त्यांना कळलं तशा त्या ताडकन उठल्या. "कावून जाता? आपल्या लेकराले चिमूटभर मीठ देत नाई थे लोक. मरू द्या त्याहिचे बैल!"

पुंडलिकभाऊ इतकंच म्हणाले, "बैलानं काय केलं व आपलं?"

कोपऱ्यात तुळशीरामबाबा बसले होते. ते सावकाश म्हणाले, "म्या जलमभर त्याहिचे मेलेले ढोरं ओढले. माह्या पोराच्या हातानं जिते वाचत असतीन... त जाय बाप्पा. जाय तू."

चावडीपुढच्या निंबाखाली आम्ही पोचलो तेव्हा गाव जमलेलं होतं. ढोर मात्र एकही नाही. पाटील म्हणाले, "पुंडलिक, पहिले थे मेलेले उचल. मंग सुई टोच."

पुंडलिकभाऊंनी डबा ओट्यावर ठेवला. आवाज चढवला नाही की हातही जोडले नाहीत. "मेलेल्याले हात लावणार नाई, पाटील. जित्याले लावीन. जितके आनान तितक्याले. अन् अजून आयका. मेलेले गाडले नाई त जिते बी जातीन. थे तुमचं तुमी पाहा."

एवढं बोलून ते सावलीत बसले. ऊन वर येत होतं. डब्यातला बर्फ पाणी होत चालला होता. "भाऊ, परत जाऊ," मी कुजबुजले. माझा जीव त्या गर्दीला भ्याला होता. "बसा बाई," ते म्हणाले. "ढोराचे मालक हायत थे. घरी जाऊन गोठ्यात पाहतीन, मंग येतीन." मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ज्या लोकांनी यांचं दळण बंद केलं, त्यांच्या दारात हा माणूस असा बसला होता, जसा कुणी दवाखाना उघडून बसतो. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाचारीही नव्हती. तसा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही.

बऱ्याच वेळाने एक कुणबी एक भाकड म्हातारी गाय ओढत घेऊन आला. म्हणाला, "हे कामाची नाई. हिच्यावर करून पाहा." लोक हसले. पुंडलिकभाऊ हसले नाहीत. उठून त्यांनी त्या गाईच्या गळ्याखाली खाजवलं, लस कालवली आणि एखाद्या उमद्या बैलाला टोचावी तितक्या काळजीने टोचली. मग दुसरा आला, त्याच्यामागे तिसरा... आणि पाहता पाहता निंबापासून वेशीपर्यंत ढोरांची रांग लागली. कुण्या बैलाने झटका दिला, कुण्या म्हशीने शिंग मारलं. सदऱ्याची बाही फाटली, पण त्यांचा हात थांबला नाही. जो माणूस सकाळपर्यंत त्यांच्या सावलीला टाळत होता, तोच आता बैलाची वेसण धरून त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

आणि मग मी जे पाहिलं ते सांगितलं तर कुणाला पटणार नाही. पाटील उठले. त्यांनी मुलाला हाक मारली, दोर घेतला आणि वेशीपाशी मरून पडलेल्या आपल्याच बैलाकडे निघाले. त्या गावात हे कधी घडलं नव्हतं. बापलेकांनी दोर बैलाच्या गळ्याला बांधला आणि ओढू लागले, पण बैल जागचा हलेना. दोघे घामाघूम. तेवढ्यात वस्तीच्या बाजूने एक खणखणीत आवाज आला, "गळ्याले नोको बांधू रे बावा! मांगच्या पायाले बांध!"

तुळशीरामबाबा होते. काठी टेकत आपल्या वस्तीच्या हद्दीवर येऊन उभे राहिलेले. एक पाऊल पुढे टाकलं नाही त्यांनी. तिथूनच सांगत होते, "दोनी पाय एकठे बांध. हां. आता वाकून ओढ." पाटलांनी वळून पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस भडकणार. पण त्यांनी निमूटपणे दोर सोडला आणि मागच्या पायांना बांधला. बैल सरकला. मग बाकीचेही वेशीबाहेर खड्डा खणून आपापली मेलेली ढोरं तिकडे ओढू लागले. शेवटचं ढोर खड्ड्यात जाईपर्यंत म्हातारा हलला नाही.

सगळी ढोरं वाचली असं नाही. ज्यांना आधीच लागण झाली होती ती गेली. पण गाव उजाड व्हायचं राहिलं. बहिष्कार उठल्याचं कुणीही जाहीर केलं नाही. एक दिवस शेवंताबाई दळणाचा डबा घेऊन चक्कीवर गेल्या आणि चक्कीवाल्याने तो घेतला, इतकंच. दिवाळीला पाटलांनी एक चांगलं गोऱ्हं, तरणा बैलच, पुंडलिकभाऊंना म्हणून पाठवलं. त्यांनी ते परत धाडलं आणि निरोप दिला, "गोऱ्हं नोको. पोराले शिकाले पाठवा." पाटलांनी पाठवलं. त्याच्या मागोमाग बाकीची पोरंही आली.

पुढे लग्न होऊन मी अकोल्याला आले. केंद्राची खबर मिळत राहिली. पुंडलिकभाऊ सायकलवर खेडोपाडी फिरतात, मेळघाटच्या पायथ्यापर्यंत जातात, आता त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं दुसऱ्या गावांतून लस टोचतात... त्या दिवसाबद्दल ते स्वतः कधी बोलले नाहीत. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "थ्या दिवशी ऊन लय होतं, बाई." आणि हसले.

गेल्या आठवड्यात मी जाऊन आले. शेवंताबाईंजवळ बसले. त्या आपणहून म्हणाल्या, "पाटील आले व्हते. थकले आता. लय रडले. म्या पानी देल्लं, थे पेले."

दुसऱ्या सकाळी मी केंद्राच्या गोठ्याकडे गेले. नवीन माणूस नेमला आहे, तिकडे बुलढाण्याकडचा. पुंडलिकभाऊंना त्याने पाहिलेलंसुद्धा नाही. मी निंबोणीच्या आडोशाला उभी होते. तो वैरणीचा भारा घेऊन आला, दाराबाहेर थांबला आणि आत पाय टाकण्याआधी मोठ्याने म्हणाला, "आलो बाप्पा, आलो." ढोरांना दचकवायचं नाही म्हणून पुंडलिकभाऊ रोज असंच म्हणत. तोच हेल, तसंच शेवटचं 'आलो' लांबवलेलं. मी त्याला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? तो गोंधळला. "कोनी नाही शिकवलं, बाई. इथं समदे असंच म्हनतात."

आत अंधारात सगळ्या गाई माना वळवून दाराकडे पाहत होत्या.