जोतीराम हुजऱ्याचा फोटो

जोतीराम चौगल्याची मान जन्मापासून खाली नव्हती. ती 'चंद्रविलास' बंगल्याच्या नोकरीत खाली गेली, आणि ती खाली ठेवण्याबद्दल त्याला सव्वीस वर्षं नियमानं पगार मिळाला, शिवाय दर दसऱ्याला एक पटका.

कळंब्याच्या वाटेवर, कोल्हापूर संपून उसाचे फड सुरू होतात तिथं, थोरल्या इनामदार सरकारांनी हा बंगला बांधला होता. जोतीराम तिथं हुजऱ्या होता. हुजऱ्या म्हणजे मालकाच्या समोर कायम हजर असलेला आणि मालकाला कधीही न दिसणारा माणूस. घरात विड्याचं तबक धरून उभं राहायचं आणि संध्याकाळी सरकार बागेत उतरले की मागून छत्री धरून चालायचं. या कामाला अक्कल लागत नाही असं कुणी म्हणेल, तर त्यानं एकदा करून बघावं. सरकारांसमोर जाताना नजर फरशीवर. निघताना त्यांना पाठ दाखवायची नाही. तोंड त्यांच्याकडे ठेवून, मुजरे घालत, उलट्या पावलांनी दरबार हॉलच्या दाराबाहेर पडायचं, मागचा उंबरा न बघता ओलांडायचा आणि तबकातली सुपारीसुद्धा हलू द्यायची नाही. जोतीरामाच्या आधीच्या हुजऱ्यानं एकदा मान वर करून छताकडे बघितलं होतं. त्याला छताची हौस आहे असं दिसल्यावर सरकारांनी दुसऱ्याच दिवशी त्याला स्वतःच्या घराचं छत बघायला कायमचं पाठवून दिलं. तेव्हापासून जोतीरामानं वर काय आहे याची चौकशी केली नाही.

म्हणजे सव्वीस वर्षं एवढ्या आलिशान बंगल्यात काढून या गृहस्थानं पाहिलं काय, तर फरशी, गालिचे आणि मोठ्या लोकांची पायताणं. दिवाणांच्या डाव्या जोड्याची टाच घासलेली असते, हे त्याला ठाऊक होतं. दिवाणांचं नाक कसं होतं, हे त्याला विचारू नये.

आता फरशीचं वर्णन ऐकायला गल्लीत कोण बसणार? रोज संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर माणसं वाट बघत असायची, की जोतीराम येईल आणि बंगल्यातलं काहीतरी सांगेल. मग तो सांगायचा. दरबार हॉलच्या छतावर सोन्याच्या मुलाम्यात अख्खं रामायण काढलंय. एक घड्याळ आहे, त्यातून दर तासाला वाघ बाहेर येतो आणि जितके वाजले तितक्यांदा डरकाळी फोडतो. बागेतल्या कारंज्यातून गुलाबपाणी उडतं. बाराच्या डरकाळ्या मोजता मोजता सरकारांचा एक पाहुणा आजारी पडल्याचंही त्यानं सांगितलं होतं. माणसं तोंडात बोट घालायची. एकटा शंकरप्पा तेवढा घालायचा नाही. हा कुरुंदवाडहून येऊन गल्लीत किराण्याचं दुकान टाकलेला माणूस. जे तागडीत घालून तोलता येत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही, असा त्याचा धर्मच होता.

"वाघाला खायाला काय घालत्यात?" तो विचारायचा.

"चावी," जोतीराम सांगायचा, आणि कट्टा हसायचा.

पण या सगळ्या थापांत एक गोष्ट अशी होती, की ती थाप आहे की नाही हे खुद्द जोतीरामालाही माहीत नव्हतं. एकतीस साली बंगल्यावर कुणी गोरा साहेब मडमेसह पाहुणा आला होता. पुण्याहून फोटोवाला बोलावला. बागेत खुर्च्या मांडल्या, मंडळी बसली, आणि सरकारांच्या डोक्यावर ऊन येऊ नये म्हणून मागं जोतीराम छत्री धरून उभा. फोटोवाल्यानं काळ्या फडक्यात डोकं घातलं, "हलू नका" म्हणाला आणि जोतीराम हलला नाही. पुढं तो फोटो मोठा करून दरबार हॉलच्या भिंतीवर लावला, एवढं त्यानं कानानं ऐकलं. भिंतीवर बघायचं म्हणजे मान वर करायची. मान वर करायची म्हणजे घरी बसायचं. तेव्हा त्यानं घरी येऊन बायकोला सांगून टाकलं, "माजा फोटू लागलाय दरबारात. सरकारांच्या शेजारी."

बायको बयाबाई मलकापूरची. माहेरी तिला फारसं कुणी विचारत नसे, कारण तिच्या बहिणी जमीनवाल्यांकडे दिलेल्या. त्या फोटोनं तिचे दिवस पालटले. माहेरच्या प्रत्येक लग्नात, बारशात, इतकंच काय दहाव्यालासुद्धा ती फोटोचा विषय काढायची. "आमच्या मालकांचा फोटू सरकारांच्या मांडीला मांडी लावून हाय," असं तिनं सांगायला सुरुवात केली. पण जोतीराम एकदा बोललेलं वाक्य परत कुठं घेणार?

एकोणपन्नास साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. थोरल्या सरकारांनी हाय खाऊन डोळे मिटले. धाकटे सरकार रेसच्या घोड्यांची देखभाल करायला मुंबईला राहायला गेले. बंगल्याला कुलूप लागलं, आणि जोतीरामाला सव्वीस वर्षांच्या इमानाबद्दल तीच जुनी छत्री बक्षीस मिळाली. तिच्या दोन काड्या मोडलेल्या होत्या.

मग बावन्न साल उजाडलं. पहिलं मतदान झालं. रयत राजा झाली, असं सगळेच सांगू लागले. तेव्हा आधीचे राजे बसत कुठं, एवढं तरी रयतेला दाखवावं म्हणून धाकट्या सरकारांनी मुंबईहून हुकूम पाठवला, की दर रविवारी बंगला आणि बाग लोकांना बघायला खुली करावी. जुने कारकून नृसिंहराव दारात वही घेऊन बसले. फाटकावर पाटी लागली. ती शंकरप्पानं सगळ्यांच्या आधी वाचली आणि कट्ट्यावर येऊन जाहीर केलं, "चला, वाघ बगूया."

सगळी गल्ली निघाली. बयाबाईनं हिरवं लुगडं काढलं, नथ घातली, आणि मलकापूरला निरोप धाडायचा राहिला म्हणून हळहळली. "आदी तुमी म्होरं ऱ्हावा," ती नवऱ्याला म्हणाली. "आज तुमचा मान."

जोतीरामानं रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता. रामायणाचं काय व्हायचं ते होवो. फोटोत आपण नसलो, तर ही बाई माहेरी तोंड कसं दाखवणार, हे एकच त्याच्या डोक्यात होतं.

बागेत शिरल्या शिरल्या पहिला घाव बसला. कारंज्यात शेवाळ होतं आणि दोन बेडूक सुखानं नांदत होते.

"गुलाबपानी कुटं हाय?" शंकरप्पानं विचारलं.

संकटात सुचतं तसं जोतीरामाला सुचलं. "विलीनीकरणात गेलं," तो म्हणाला.

माणसांनी माना डोलावल्या. त्या दोन-तीन वर्षांत कुणाची नोकरी, कुणाचं वतन, कुणाचा नुसताच रुबाब विलीनीकरणात गेला होता. गुलाबपाणीही जाणारच. जोतीरामाच्या जिवात जीव आला.

बागेत मात्र त्यानं खरी करामत दाखवली. मान खालीच ठेवून तो पुढं चालला आणि न बघता सांगत गेला, "हितं दगुड वर आलाय, संबाळा. हितनं चार पावलांवर मूळ हाय." आणि तिथं दगड होता, मूळ होतं. कुणी विचारलं, हे झाड कसलं? तर वर न बघता त्यानं खालचं एक केशरी फळ उचललं आणि सांगितलं, बकुळ. पुढं रिठे पडलेले दिसले, तर रिठा. ज्या झाडाचं खाली काही पडत नव्हतं, ते झाड त्याच्या लेखी बागेत नव्हतंच. सव्वीस वर्षं डोक्यावर छत्री, आणि तीही दुसऱ्याची.

बंगल्याच्या दारात नृसिंहरावांनी सगळ्यांना वहाणा काढायला लावल्या, आणि जोतीरामाला ओळखून ओळख न दाखवता म्हणाले, "भिंतींना हात लावू नका." दरबार हॉलमध्ये गल्ली दाटीवाटीनं उभी राहिली आणि सगळ्यांनी एकदम वर बघितलं. छत पांढरं होतं. एका कोपऱ्यात ओल आलेली आणि कबुतरांनी आपल्या परीनं जी काय चित्रकला करायची ती केलेली.

"रामायण?" शंकरप्पा म्हणाला.

"विलीनीकरणात गेलं."

"छतावरनं?"

"खरवडून न्हेलं. सोनं हुतं न्हवं."

वाघाचं घड्याळही गेलं होतं. त्याच्या जागी साधं लंबकाचं घड्याळ उभं होतं, आणि तेही बंद. शंकरप्पा मिशीत हसला. गल्लीतल्या चार-दोन माणसांनी एकमेकांकडे बघितलं. विलीनीकरण म्हटलं तरी किती नेणार, हा प्रश्न हळूहळू लोकांच्या तोंडावर दिसायला लागला होता.

"अवं, आनि फोटू?" बयाबाईनं विचारलं.

जोतीरामानं 'विलीनी' एवढं म्हटलंही. पण बयाबाई थांबायची नव्हती. ती सरळ समोरच्या भिंतीकडे गेली. थोरल्या सरकारांच्या मोठ्या तसबिरीखाली एका काळ्या चौकटीत तो फोटो होता. जोतीरामाची मान वर होईना. तो फरशीकडेच बघत राहिला.

फोटोत खुर्च्यांवर सरकार, गोरा साहेब, मडम आणि दिवाण बसले होते. पायाशी एक कुत्रा, ऐटीत. सरकारांच्या मागं एक छत्री. ऊन समोरून येत असावं, कारण छत्री पुढं कललेली होती आणि ती धरणाऱ्याचं तोंड, छाती, सगळं तिच्याआड गेलं होतं. काठीला धरलेली मूठ तेवढी दिसत होती.

बयाबाईनं नाक काचेला लावलं. मग ती एकदम ओरडली, "ह्यो बगा! ह्यो अंगठा!"

लहानपणी उसाच्या चरकात सापडून जोतीरामाचा उजवा अंगठा चपटा झाला होता, नख कायमचं गेलं होतं. फोटोतल्या मुठीवर तोच अंगठा होता, चपटा आणि बिननखाचा. तिनं नवऱ्याचा हात धरून ओढला आणि काचेशी लावून सगळ्या गल्लीला दाखवला. "म्या सांगत न्हवते? हाय की न्हाय?"

"हाय," शंकरप्पा म्हणाला. तोललेली वस्तू तो नाकारत नसे. मग त्यानं चौकटीखालची बाळबोध अक्षरं मोठ्यानं वाचायला घेतली. सरकारांचं नाव, सगळ्या पदव्यांसकट. साहेबाचं नाव. मडमेचं. दिवाणांचं. आणि शेवटी, त्याचा आवाज जरा खाली आला, "व टायगर."

"त्यो कोन?" बयाबाईनं विचारलं.

"कुत्रं."

"आनि ह्येंचं नाव?"

शंकरप्पानं परत एकदा वाचलं, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर नाव उगवेल. बयाबाईचा चेहरा लाल झाला. "कुत्र्याचं ल्हिवलंय, आनि मानसाचं न्हाय व्हय?"

"बाई, आवाज हळू," नृसिंहराव दारातून म्हणाले. "तो कुत्रा विलायती होता."

कुणी हसलं नाही. शंकरप्पानं खांद्यावरचं उपरणं उगाचच सारखं केलं. वीस वर्षं जोतीरामाच्या एकाही शब्दावर विश्वास न ठेवलेला हा माणूस खाकरून म्हणाला, "नाव हुतं वो वैनी. विलीनीकरणात गेलं असंल."

जोतीरामाला त्याच्याकडे बघवेना. आपण थापा मारल्या त्याचं त्याला काही वाटलं नाही, पण आपली बाजू सावरायला शंकरप्पाला थाप मारावी लागली, याची त्याला लाज वाटली. इथून निघावं म्हणून त्यानं सवयीनं सरकारांच्या तसबिरीला मुजरा घातला आणि उलट्या पावलांनी दाराकडे सरकायला लागला.

बयाबाईनं त्याचा तोच अंगठा घट्ट धरला. "सरळ चला," ती म्हणाली. "आता हितं कोन बसलंय?" आणि तिनं त्याला खांद्याला धरून दाराकडे वळवलं.

जन्मात पहिल्यांदा जोतीराम त्या दारातून तोंड पुढं करून निघाला, आणि उलटा कधी न चुकलेला उंबरा नेमका पायाला लागला. तोल सावरताना मान वर गेली.

समोर सगळी बाग उतरत गेली होती. दोन्ही बाजूंना उंच झाडांच्या रांगा, मधून पायऱ्या, त्यापलीकडे उसाचे हिरवे फड, आणि अगदी शेवटी कळंब्याचं तळं उन्हात चमकत होतं. थोरल्या सरकारांनी हे दार याच्यासाठीच इथं बसवलं होतं, हे बघणाऱ्या कुणालाही कळलं असतं.

"आगं बया," बयाबाई म्हणाली. बराच वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "रामायण सांगिटलासा, वाघ सांगिटलासा. आनि ह्ये येवडं कवाच सांगिटलं न्हाईसा."

"बगितलंच न्हवतं," जोतीराम म्हणाला. "ह्येच्याकडंच पाठ हुती माजी."

मागून नृसिंहराव ओरडले, की दारात उभं राहू नका, लोकांना वाट द्या. जोतीराम हलला नाही.