धुऱ्यावरचा इंटरव्ह्यू

"ये इकडे! तुले दाखवतो धुरा कोनं कोरला ते!"

बाबा ओरडले आणि माझ्या लॅपटॉपवर हायकोर्टाच्या न्यायमूर्ती मॅडमनी चष्मा काढला. माझे बाबा कानात बोलले तरी तिकडे बडनेऱ्याला ड्रायव्हर गाडी थांबवून विचारतो, काय झालं म्हणून. त्या दिवशी तर ते रागात होते.

अमरावतीला लॉ करून मी हायकोर्टात लॉ क्लर्कच्या जागेसाठी अर्ज केला होता. बाबा म्हणाले, "क्लर्कच व्हाचं होतं तं बारावीवरच व्हाचं होतं!" पण लॉ क्लर्क म्हणजे कारकून नव्हे. न्यायमूर्तींच्या हाताखाली बसायचं, उशीएवढ्या फायली वाचायच्या आणि दोन्ही बाजूंचं सार दोन पानांत लिहून द्यायचं. त्याला नोट म्हणतात. मला ती जागा मनापासून हवी होती. आमच्या घरातलं कोणी कोर्टात कधी खुर्चीवर बसलं नव्हतं. सगळे पिढ्यान्‌पिढ्या उभेच राहिले, आणि तेही धुऱ्यापायी.

इंटरव्ह्यू ऑनलाइन होता. मी सुट्टीत घरी आले होते. बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावात नेटवर्क येतं ते फक्त वावरातल्या गुरांच्या कोठ्यात. काहून, ते कंपनीलाही सांगता येत नाही. म्हणून काळा कोट घालून मी कडब्यावर बसले. मागे म्हैस. दोघींत जास्त निवांत तीच दिसत होती.

नेमका त्याच दिवशी नांगरटीला ट्रॅक्टर आला. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. वऱ्हाडात माणूस पोरीच्या लग्नात एकर विकेल, पण धुऱ्याची वीत सोडणार नाही. उलट नांगरताना एखादं तास, म्हणजे नांगराची एक रेघ, हळूच पलीकडे मारेल. याला धुरा कोरणं म्हणतात. हे करणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. फक्त शेजारीच करतो.

"बाहेर कसला आवाज आहे?" मॅडमनी विचारलं.

टीव्ही आहे म्हणणार होते. पण कोठ्यात टीव्ही कोण ठेवतो?

"मॅडम, धुऱ्याचा वाद चालला आहे. त्यात एका बाजूला माझे वडील आहेत, हे आधीच सांगते."

"बरं केलंत. जा, दोघांचं ऐकून या आणि मला तोंडी नोट द्या. सुरुवात दुसऱ्या बाजूपासून."

मी कोटासकट धुऱ्यावर धावले. पलीकडे शेजारच्या वावराचे देवराव काका तुऱ्हाटी घेऊन उभे.

"काका, तुमचं म्हणणं काय? लवकर सांगा."

"मी काय सांगू बाई? त्या बोरीलेच विचार! तुह्या आज्यानं अन् माह्या बापानं मिळून धुऱ्यावर लावली होती. आता पाह्य, तुमच्या वावरात दहा पावलं आत उभी हाय. झाड चालत गेलं काय?"

मी पाहिलं. बोर खरंच आत होती. तिच्याखाली बसून मी सगळ्या परीक्षांचा अभ्यास केला होता, पण ती तिथे कशी आली, हा प्रश्न कधी पडला नव्हता.

"बाबा, तुमचं?"

"याच्या बापानं आंधी कोरलं! सारं गाव सांगते!"

"गावातलं कोण?"

"मी काय गावातला नाई?"

परत येऊन बसले. बाबा मागोमाग कोठ्याच्या दारात. मी मॅडमकडे बघत बोलू लागले.

"दुसऱ्या बाजूचा मुद्दा भक्कम आहे. दोन्ही घरांनी धुऱ्यावर लावलेली बोर आता आमच्या वावरात आहे. झाड हलत नाही, म्हणजे धुरा हलला."

"वडिलांची बाजू?"

"धुरा आधी शेजाऱ्यांनी कोरला, असं ते म्हणतात. पुरावा म्हणून सध्या फक्त आवाज आहे."

"तुमचं मत?"

"सरकारी मोजणी करावी. पण आजच्या घडीला बोर आमच्या विरुद्ध बोलते."

"ठीक आहे," म्हणत मॅडम गेल्या. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. दारातून बाबांचा आवाज येईना. इतकी शांतता म्हशीने जन्मात ऐकली नव्हती. तिने दावं तोडलं.

पुढे निवडीचा मेल आला. देवराव काकांनी अकोल्याहून पेढे आणून गावभर वाटले. "आपल्या पोरीनं माही केस थेट हायकोर्टात जितली!" मी किती सांगितलं, तो निकाल नव्हता, नोट होती. पण पेढा तोंडात असलेला माणूस ऐकत नाही.

दुसऱ्या बाजूचा भक्कम मुद्दा आधी मांडायचा, हे मी या धंद्यात शिकले. ती बाजू शेजारच्या वावरातली नसली तर सोपं जातं.

मी बाबांच्या पाया पडले. म्हटलं, "बाबा, निवड झाली. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय."

बाबांनी पेढा खाल्ला, हात धोतराला पुसला आणि विचारलं, "याच्यावर अपील कुठं होते?"