आकड्यावरचे थेंब

ती घटना आठवायला बसलो की घटनेच्या आधी मला सुधाताई आठवतात. म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करतो. या प्रकरणातल्या बाकी कुणाचंही नाव मी सांगणार नाही. काहींनी शिक्षा भोगली आहे आणि एका घरात माणूस गेल्याचं दुःख अजून ताजं आहे. सुधाताई मूळच्या नागपूरच्या. जयपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवायच्या, मालवीय नगरात राहायच्या. माझ्या बायकोची आणि त्यांची ओळख हळदीकुंकवातली. माझी ओळख दारातल्या नमस्कारापुरती. त्या नसत्या तर एक निर्दोष माणूस माझ्या सहीने तुरुंगात गेला असता.

मी सांगली जिल्ह्यातला. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. मामा जयपूरला होता. दहावीनंतर शाळा सुटली आणि मी त्याच्या भट्टीवर आलो. तिथला ॲसिडचा धूर सोसेना, तेव्हा राजस्थान पोलिसात शिपाई म्हणून भरती झालो आणि पायरी पायरीने सब-इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झालो. ठाण्यात मला सगळे 'मराठाजी' म्हणायचे. माणूस वाचण्यात मी कच्चा नव्हतो. पण इंग्रजी कागद समोर आला की मी तो शेजारच्या टेबलाकडे सरकवायचो, आणि हे प्रकरण तर सगळंच तसल्या कागदांचं होतं.

शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवायचा एक कारखाना होता. बॉयलरमधून निघालेली वाफ जाड पोलादी पाईपातून छताजवळून फिरायची आणि रंगाच्या हौदांपर्यंत जायची. या पाईपला कारखान्याने नवी फांदी काढली होती. एका दुपारी तिचा जोड फाटला. खाली उभा असलेला कामगार भाजला आणि इस्पितळात दगावला. मी पोचलो तेव्हा वाफ बंद केली होती, तरी आत शिरताच कपडे अंगाला चिकटले. जागेचा पंचनामा केला. फाटलेल्या जोडाशेजारी पाईपावर ठोकलेला एक नंबर दिसला. तो कशाचा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ठाण्यात परत येतो तोच पाईपाच्या ठेकेदाराचा फोन. आवाजात घाई नव्हती.

"मराठाजी, आपको ढूँढने की ज़रूरत ही नहीं. पाइप पे नंबर पड़ा है ना? वो वेल्डर का नंबर है. जिसका नंबर, उसकी वेल्डिंग."

नियम खरोखर तसाच आहे. इतक्या दाबाच्या वाफेची लाइन कुणीही उठून टाकू शकत नाही. ठेकेदाराला बॉयलर खात्याचा परवाना लागतो. नकाशा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. जोड मारणाऱ्या वेल्डरला खात्याची परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि त्याला मिळालेला नंबर पोलादी ठशाने जोडाशेजारी ठोकावा लागतो. पुढे काही झालं तर हात कुणाचा होता ते कळावं म्हणून. शेवटी लाइनमध्ये पाणी भरून, जास्त दाब देऊन चाचणी होते, मगच वाफ सोडायची. बॉयलर खात्याचे अधिकारी आले आणि एका वाक्यात सांगून गेले की या फांदीचा नकाशाही त्यांच्याकडे आला नव्हता आणि पाण्याची चाचणीही झाली नव्हती. तो दोष ठेकेदाराचा आणि कारखान्याचा होताच. पण मृत्यूचा ठपका जोडावर होता, आणि जोडावर नंबर होता.

वेल्डरला उचलून आणलं. तिशीचा माणूस, भरतपूरकडचा. तो एकच गोष्ट सांगत होता.

"साब, मैं बॉयलर वाले कमरे में था. अंदर के जोड़ मेरे हैं, हौद वाली लाइन मैंने छुई तक नहीं."

"मग नंबर तुझा कसा?"

"नंबर मेरा है, साब. जोड़ मेरा नहीं है."

असलं उत्तर प्रत्येक आरोपी देतो. पण खोटं बोलणारा माणूस हळूहळू गोष्टीत भर घालतो, नवे साक्षीदार काढतो. हा काहीच भर घालत नव्हता. त्याच्या साथीदारांना विचारलं, तर ते जमिनीकडे बघायचे. सगळ्यांची भाकरी त्याच ठेकेदाराकडे. थानेदारसाहेब मला म्हणाले, "मराठाजी, आरोपी है, नंबर है, अब क्या मुहूर्त निकालोगे? चालान पेश करो." आरोपपत्राला तिकडे चालान म्हणतात. साहेब वाईट नव्हते, पण त्यांच्यावर वरून रेटा होता.

मला त्या आरोपपत्रावर सही करवेना. घरी जेवताना हे बायकोला बोललो, तर ती म्हणाली, "सुधाताई हेच शिकवतात ना पोरांना? विचारा की." मला लाज वाटत होती. एवढ्या शिकलेल्या बाईपुढे जाऊन काय विचारायचं हेसुद्धा मला धड ठाऊक नव्हतं. दारात उभा राहिलो तेव्हा हातातली टोपी उगाच फिरवत होतो.

त्यांनी मोबाईलमधले फोटो पाहिले आणि मोबाईल परत दिला.

"हे काय दाखवून राहिले भाऊ तुम्ही मला? फोटोवरून मी पोरगी पसंत करत नाही, जोड काय पसंत करू? तो तुकडा कापून आणा. आणि कॉलेजला रीतसर पत्र द्या, नाहीतर उद्या समोरचा वकील म्हणेल, ही बाई कोण?"

साहेबांची परवानगी काढली, पंचांसमोर तुकडा कापला, सील केला, ठाण्याच्या मालखान्यात, जप्त माल ठेवतात तिथे, जमा केला. ताई कॉलेजच्या पत्रानिशी ठाण्यात आल्या. मालखान्याच्या हवालदाराने त्यांच्यासाठी खुर्ची पुसली, पंचांनाही शेजारी बसवलं. ताईंनी पर्समधून भिंग काढलं आणि तुकड्यावर सगळीकडून फिरवलं. मग मला बोलावलं.

"पाहा. जोड मारताना वितळलेल्या लोखंडाचे बारीक थेंब आजूबाजूला उडतात, पाईपाला चिकटतात. दिसून राहिले?"

"दिसतात."

"आता नंबर पाहा. तो तीनचा आकडा."

मी पाहिलं. तीनच्या खाचेत एक थेंब बसला होता. शेजारच्या आकड्यावरही एक होता, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"जोड झाल्यावर नंबर ठोकला असता, तर ठशाखाली थेंब चेपला असता. इथे थेंब आकड्याच्या वर आहे," ताई म्हणाल्या.

"म्हणजे नंबर आधी ठोकला. जोड नंतर झाला."

"हो. पोर जन्माच्या आधीच बारसं." मग भिंग पुसत म्हणाल्या, "पण भाऊ, लगेच नाचू नका. नंबर आधी पडला एवढंच मी लिहून देईन. जोड कुणी मारला, हे लोखंड सांगत नाही. ते तुमचं काम."

त्यांच्या या वाक्याने मला ताळ्यावर ठेवलं. नाहीतर मी तसाच साहेबांकडे धावलो असतो.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या सुपरवायझरला बोलावलं. पन्नाशीचा, कामात वाकबगार, आणि त्याचा त्याला अभिमान. त्याला आरोपीच्या बाकावर बसवलं नाही. टेबलाजवळ खुर्ची दिली, चहा मागवला. माझा एक अनुभव आहे. 'कुणी केलं' विचारलं की माणूस तोंड मिटतो. 'कसं करतात' विचारलं की कारागीर बोलल्याशिवाय राहत नाही.

"उस्ताद, मी दहावी शिकलेला माणूस. मला या कामातलं काही कळत नाही. एवढा जड पाईप वर चढवता कसा?"

तो खुलला. अंगणात घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, पाईप ठेवायचा, मापाने कापायचा, कडा घासायच्या, साखळीच्या पुलीने वर ओढायचा, मग मचाणावर बसून जोडायचा. हाताने हवेत चित्र काढत होता.

"आणि तो नंबर? तो कधी ठोकता?"

"वो तो नीचे ही ठोक देते हैं, साब. मचान पे लटक के हथौड़ा कौन चलाए? नीचे एकदम साफ पड़ता है. हमारे यहाँ टेढ़ा नंबर नहीं मिलेगा आपको."

"तुम्ही स्वतः ठोकता?"

"और कौन? ठप्पा मेरी पेटी में रहता है. लड़के खो देते हैं."

"सगळ्या पाईपांवर एकच नंबर?"

"पास किया हुआ वेल्डर एक ही तो है..."

तिथे तो थांबला. चहाचा कप त्याने टेबलावर ठेवला आणि पाणी मागितलं. मी पाणी दिलं. घाई केली नाही. दारात उभ्या असलेल्या शिपायाला बाहेर जायची खूण केली. माणूस खरं बोलायला लागतो तेव्हा त्याला बघे नको असतात.

"आता मचाणावर कोण बसलं होतं तेवढं सांगा, उस्ताद."

गेट आणि खिडक्यांच्या ग्रिल करणारे दोघे जण. त्यांना रोजंदारीवर आणलं होतं. पास झालेला वेल्डर एकच, काम दोन ठिकाणी, आणि कारखान्याला घाई. ठेकेदार म्हणाला, नंबर पडलेला आहे, चढवा. तो ठसा आम्ही पंचांसमोर सुपरवायझरच्या पेटीतून जप्त केला. ते दोघे ग्रिलवालेही सापडले. त्यांनी जबाब दिला. आपण काय जोडतो आहोत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ठेकेदार आला तेव्हा त्याच्याबरोबर दोन वकील होते.

"लाइसेंस मेरा है, सालों पुराना. मेरा नाम पूछ लो मार्केट में."

"शेठ, परवाना तुमचाच आहे," मी म्हणालो. "म्हणून तर तुम्हाला बसवून ठेवलंय."

वेल्डर सुटला. निघताना त्याने माझ्या पायांना हात लावला. मी त्याला उठवून सांगितलं की यापुढे ठसा स्वतःच्या खिशात ठेव. तो म्हणाला, "साब, नौकरी माँगते वक्त ये बात बोलूँगा तो काम कौन देगा?" पुढे दुसऱ्या शहरात त्याला नीट काम मिळालं, आणि तिथे ठसा त्याच्याजवळच असतो, हे त्यानेच कळवलं.

खटल्यात सुधाताईंना साक्षीला यावं लागलं. तारखा पडत गेल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात त्या तासन्‌तास बसून पेपर तपासायच्या. बचावाच्या वकिलाने विचारलं, "मैडम, आपने कभी अपने हाथ से वेल्डिंग की है?" ताई म्हणाल्या, "हर साल, कॉलेज की वर्कशॉप में. आप आइए, काला चश्मा मैं दे दूँगी." न्यायाधीशांनी मान खाली घातली, पण त्यांचे खांदे हलत होते. ठेकेदाराला शिक्षा झाली, परवाना गेला. कारखान्याच्या व्यवस्थापकालाही चाचणीआधी वाफ सोडल्याची फळं भोगावी लागली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? नियमाची खूण दिसली म्हणजे नियम पाळला, असं नाही. परवाना भिंतीवर असतो, ठसा पाईपावर असतो, पण त्यामागे काम करणारा हात हवा आणि काम बघणारा डोळा हवा. ठेकेदाराने न झालेल्या कामावर नंबर ठोकला. मी न बघितलेल्या गोष्टीवर सही केली असती, तर त्याच्यात आणि माझ्यात फरक काय उरला असता? त्यानंतर प्रत्येक आरोपपत्रावर सही करताना हा प्रश्न मी स्वतःला विचारला. आणखी एक. ज्याला कळत नाही त्याने ज्याला कळतं त्याच्या दारात जावं. जाताना पाय अडखळतात. अडखळू द्यावेत, पण जावं.

सुधाताई आता नागपूरला परतल्या आहेत. त्यांनी एकदाही मोबदला घेतला नाही. मागे फोनवर म्हणालो, "ताई, तुमचे उपकार फेडायचे राहिलेत." त्या म्हणाल्या, "कसे फेडून राहिले भाऊ? आमच्याकडे चोरीपण होत नाही."

खरंच आहे. पोलिसाला उपकार फेडायचे तर समोरच्यावर संकट यावं लागतं, आणि ते त्यांच्यावर कधी येऊ नये. पण ताई, कोर्ट असो, कचेरी असो, इस्पितळ असो, जिथे तुम्हाला कधी एकटीला बसून राहावं लागेल, तिथे मला फक्त एक फोन करा. माझ्यासाठी तुम्ही त्या व्हरांड्यात बसलात. तुमच्या शेजारी मी बसेन, तुमचा नंबर पुकारला जाईपर्यंत. हा माझा शब्द आहे.