शांतिमामांचा वाळत घातलेला ब्रश

बातमी आली तेव्हा माझं तोंड उघडं होतं. अक्षरशः. वाशीमला दातांच्या डॉक्टरबाईंच्या खुर्चीत मी आडवा पडलो होतो, खालच्या दाढेत त्यांची बारीक सुई फिरत होती आणि खिशातला फोन थरथरला. वाटलं, शांतिमामाच असणार. गेलं वर्षभर शिरपूरहून त्यांचा फोन आला की पहिला शब्द एकच, "दाढ?" आणि मी काहीतरी कारण सांगायचो. आज मात्र छाती फुगवून सांगणार होतो, "झाली मामा, पूर्ण झाली!" खुर्चीतून उतरून फोन लावला तर पलीकडे मामी. मामा सकाळी मंदिरातून आले, दुकानाच्या पायरीवर टेकले आणि... माझा अर्धा जबडा बधिर होता. घराण्यातला सगळ्यात बडबड्या माणूस मी, आणि नेमका तेव्हा मला एक शब्द धड फुटेना.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. जैन मंदिराच्या वाटेवर त्यांचं भांड्यांचं दुकान. घागर गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ते तिला बोटाच्या पेरानं टिचकी मारायचे आणि कान लावायचे; आवाज बद्द आला की घागर बाजूला. घरचं पिण्याचं पाणी ते स्वतः दुहेरी कापडातून गाळायचे. मग ते गाळणं उलटं धरून वरून गाळलेलं पाणी ओतायचे आणि कापडात अडकलेलं जे काही असेल ते पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडायचे. ज्या पाण्यातले जीव, त्या पाण्यात परत. लहानपणी मी विचारलं होतं, "मामा, याच्यात दिसत त काहीच नाही!" "तुले दिसत नाही म्हून ते नाहीत काय? तुले त गणितबी दिसत नाही."

मागच्या वर्षी त्यांचा गाल सुजला. हिरड्यांतून रक्त येतच होतं, त्यात शुगर. मी जाणकाराच्या थाटात त्यांना गाडीत घालून वाशीमला नेलं. दारातच डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्हीच ना ते, रूट कॅनल अर्धवट टाकून पळालेले?" मामांनी माझ्याकडे पाहिलं ते बद्द वाजणाऱ्या घागरीकडे पाहावं तसं. मग बाईंनी छोट्या आरशाच्या दांडीनं त्यांच्या दाढेवर टकटक केलं. मामा कळवळले, पण डोळे चमकले. "हे त माह्या दुकानातलंच काम हाये!"

बाईंकडे सूक्ष्मदर्शक होता, पडद्याला जोडलेला. हिरडीच्या खाचेतला जरासा मळ त्यांनी काचेवर घेतला आणि पडदा वळवळायला लागला. काही काडीसारखे, काही मण्यांसारखे चिकटलेले, काही मळसूत्रासारखे गिरक्या घेत पळणारे. मी तोंडावर रुमाल धरला. मामा मात्र खुर्चीतून पुढे झुकले, जत्रेत पोरानं झुकावं तसे. "हे सगळे माह्या तोंडात? काय खातात? एकमेकाइले ओळखतात काय?" बाई हौसेनं सांगत गेल्या. दाढेतली नस मेली आहे, तिथं आता रक्त पोचत नाही, म्हणून नुसत्या गोळ्यांचा उपयोग नाही. आत हे जिवाणू थर धरून बसलेत. मामांनी मान डोलावली. "घागरीतला बुळबुळीतपणा. पाणी टाकून निंगत नाही, घासाच लागते." "अगदी तेच!" बाई म्हणाल्या. मग मामांनी विचारलं, "अन् घासून काढल्यावर याइले सोडता कुठं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. शेवटी बाईच म्हणाल्या, "कुठंच नाही मामा... मरतात ते."

मामा खुर्चीतून उतरले. चपला घातल्या. "मले इचार करू द्या." बाई मागून बजावत होत्या, शुगर आहे, पू जबड्यात उतरेल, जिवावर बेतेल. मामा ऐकत होते, थांबत नव्हते.

चार दिवस गेले. सूज डोळ्याखाली चढली, ताप आला. मामी फोनवर रडायच्या, "तू समजाव रे." मी काय समजावणार? शहाणपण सांगायला माझीच दाढ अर्धी राहिलेली. पाचव्या दिवशी मामांचाच फोन, आवाज जड, "गाडी काढ."

वाटेत ते म्हणाले, "आपण घरात पाणी साचू देत नाही. ताट पुसून ठेवतो. काहून? ओलं राह्यलं की जीव होतात, मंग मरतात. तोंडात मात्र मी साचू देल्लं. आता एकदाची हिंसा होईन, ते माह्या माथी. पण पुन्हा त्याइले घर नाही करू द्याचं." मग माझ्याकडे वळले. "तू काहून सोडलं मधातच?" "दुखायचं थांबलं, मामा." "दुखणं थांबलं, ते कुठं थांबले? माही हिंसा एकदाची. तुह्या दाढेत त रोज जन्मून राह्यले, रोज मरून राह्यले!" धर्माच्या हिशेबानं कुणी मला दंतवैद्याकडे हाकलेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तरी मी वर्ष लावलं. ती दाढ पुन्हा ठणकली, तेव्हा गेलो.

मामांनी सगळ्या खेपा पूर्ण केल्या. त्यानंतर प्रायश्चित्त म्हणून एक दिवस उपास धरला, आणि रोज सूर्य बुडण्याआधीचं जेवण झालं की दातांच्या फटींतून दोरा, मग ब्रश, मग ब्रश झटकून उन्हाच्या शेवटच्या तुकड्यात उभा... हा नेम.

परवा शिरपूरला गेलो. विहिरीजवळच्या खिळ्यावर गाळणं वाळत होतं आणि शेजारी दोरीनं टांगलेला मामांचा ब्रश. ऊन सरकलं तशा मामी उठल्या, ब्रश काढला आणि पलीकडच्या खिळ्यावर, उन्हात, टांगला. मी न राहवून म्हणालो, "मामी, आता कोण वापरते तो?"

"कोणी नाही," मामी म्हणाल्या. "सकाळी गाळणं धुतलं, त ब्रशवरबी पाणी उडलं थोडं. ओला कसा राहू देऊ, बापू?"

मी जीभ दुरुस्त झालेल्या दाढेवर टेकवली. मग विहिरीकडे वळून हळूच म्हणालो, "झाली मामा."