चावीवरचा दिवा

सौंसरच्या बस स्टॅन्डसमोर कडुनिंबाखाली पत्र्याचं एक दुकान होतं. आता तिथं मोबाइलवाला बसते, जाऊ द्या. मी सांगून राहिलो ते चौऱ्यांशी सालचं. त्या दुकानात उत्तम सोमकुवर बसे, गाड्यायच्या वायरिंगचा मिस्त्री. तसा मिस्त्री मले पुन्हा भेटला नाही, अन् माह्यासारखा गधा ड्रायव्हर त्यालेही पुन्हा भेटला नसंल.

अंगानं बारीक, बोलणं कमी, अन् ऑइलच्या धंद्यात राहून शर्ट पांढरा. हत्यार काय तं एक छोटा बल्ब, त्याले दोन वायरा जोडलेल्या. तुम्ही टेप लावा, पंखा लावा, नवा हॉर्न लावा, त्याचं एकच म्हणणं, करंट घ्यायचा तं चावीवरून. डॅशबोर्डाखाली उताणा घुसे अन् आतून गिऱ्हाइकाले हुकूम सोडे, "चावी दे. काढ. दे. काढ." चावी दिली की ज्या वायरीवर त्याचा बल्ब पेटे अन् काढली की विझे, तीच वायर तो धरे. मधात फ्यूज टाकल्याशिवाय हात धुवत नसे. काम झालं की गिऱ्हाइकाच्याच हातानं चावी काढायले लावे, डॅशबोर्डाले कान लावे, आत काही चालू नाही ना ते ऐके अन् म्हणे, "झोपली." मगच गाडी ताब्यात. आम्ही ड्रायव्हर लोक त्याची भल्ली टिंगल करू. "उत्तम, अंगाई म्हण ना एखादी!" तो हसे, पण कान लावणं काही सोडे ना.

त्याच साली मी जुनी जीप घेतली, जामसांवलीच्या देवळाले सवाऱ्या नेण्यासाठी. माही माय अंबाबाई देवाधर्माची. तिनं जामसांवलीहून मारुतीचा फोटो आणून डॅशबोर्डावर लावला अन् मले बजावलं, "गुणवंता, याच्यासमोर लाल दिवा पाहिजे. अन् तो विझला नाही पाहिजे. देवाचा आहे तो."

मी जीप घेऊन उत्तमकडे गेलो. तो म्हणाला, "लावतो. चावीवर घेतो. गाडी चालू तं दिवा चालू."

"नाही बाप्पा. अखंड पाहिजे. डायरेक्ट बॅटरीवरून घे."

"तुही बॅटरी आधीच म्हातारी आहे. चार-पाच दिवस गाडी उभी राहिली तं हा एवढासा दिवा तिले पिऊन टाकंल." मग फोटोकडे पाहून हळूच म्हणाला, "अन् जामसांवलीचा मारुती तं आडवा निजलेला आहे ना? निजलेल्याच्या तोंडावर कोणी दिवा लावून ठेवते काय?"

बोलला तो गमतीतच. पण आजूबाजूचे ड्रायव्हर फिदीफिदी हसले अन् मी डोक्यात राख घालून घेतली. म्हटलं, "तू नको शिकवू मले देव! तुम्ही बौद्ध लोक देव मानत नाही, तुले काय समजते त्यातलं?"

तेव्हाच माही जीभ झडली असती तं बरं झालं असतं. उत्तमनं बॅटरीवरून वायर ओढली, फ्यूज टाकला, दिवा जोडला. मी चावी काढली, दिवा जळतच राहिला. त्यानं कान लावला नाही. हात पुसत म्हणाला, "घे. जागी आहे."

दोन महिने काही झालं नाही. मग मले ताप आला अन् जीप पाच दिवस अंगणात उभी राहिली. सहाव्या दिवशी शनिवार. शेजारच्या भगवंतरावाच्या नातवाचं जामसांवलीले जावळ काढायचं होतं, घरची दहा माणसं नटूनथटून जीपमध्ये बसली. मी चावी फिरवली, टक् करून आवाज आला अन् खल्लास. लाल दिवा उदबत्तीएवढा होऊन विझला. जमीन सपाट, उतार कुठं नाही. धोतर खोसून माणसायनं धक्के मारले, पण जीप काही उठली नाही. भगवंतराव चिडून दुसऱ्या गाडीनं गेले. स्टॅन्डवरचा चहावाला दादाराव धक्का मारायले आला होता. तो म्हणाला, "दिवा त्या उत्तमनं लावला ना? मनातून लावला नसंल. मग हेच होणार."

तिथं मले बोलायले पाहिजे होतं. मी मूग गिळून बसलो. खरं सांगितलं असतं तं लोक मले हसले असते, एवढीच भीती. बस, एवढीच! पण ती गोष्ट स्टॅन्डभर फिरली. उत्तमच्या हातचं काम लाभत नाही म्हणे. ड्रायव्हर वायरिंगसाठी पांढुर्ण्याले जाऊ लागले. उत्तम दुकानासमोर पेपर घेऊन बसे अन् मी तिथून जाताना तोंड दुसरीकडे करे. डायरेक्ट वायर गुणवंतानंच मागितली, हे त्यानं एकालेही सांगितलं नाही. मले तेच जास्त टोचे.

महिना झाला असंल. उत्तमची बायको इंदू मायले बाजारात भेटली. म्हणाली, "मावशी, आम्ही नागपूरले चाललो जेठाकडे, यायच्या मोठ्या भावाकडे. इथं आता कामच नाही." माय घरी येऊन ते सांगत होती अन् मी ताट सरकवलं. मग सारं तिच्यापुढं ओकलो.

मायनं कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, अखंड दिवा मी मागितला होता! बोल लागायचा तं मले लागला असता. अन् तो खोटं काय बोलला? आपला मारुती निजलेलाच आहे. इतकी वर्षं पाया पडून राहिली मी, मले नाही सुचलं, त्याले सुचलं. काढ जीप."

स्टॅन्डवर उत्तमच्या दुकानापुढं जाऊन मी साऱ्यायसमोर बोललो. "वायर मीच मागितली होती. हा नाही म्हणत होता. मी त्याले वाईटवंगाळ बोललो अन् मग महिनाभर चूप राहिलो." बोलता बोलता रडूच आलं. दादाराव चहाच्या भांड्यात पाहत राहिला. माय उत्तमले म्हणाली, "बाबू, चावीवर घे."

उत्तमनं आपला बल्ब उचलला. मग डॅशबोर्डाखाली घुसला. "चावी दे. काढ. दे. काढ." चावी मायच्या हातात होती. शेवटी तिनं काढली, दिवा विझला, तिनं फोटोले हात जोडले. "आता कान लाव ना," ती म्हणाली. उत्तमनं कान लावला. "झोपली."

मले वाटलं, मिटलं. पण नागपुरात खोली घेऊन झाली होती, पोरायची नावं शाळेत घातली होती. सोमवारी त्याच स्टॅन्डवरून त्याची बस गेली. त्याची पेटी टपावर मीच चढवली.

चार वर्षांनी नागपूरले गेलो तं पत्ता काढत त्याच्या दुकानी पोचलो. दुकान मोठं, गाड्या रांगेत उभ्या. त्यानं चहा मागवला, मायची विचारपूस केली. मी भीतभीत विचारलं, "उत्तम, राग आहे काय रे अजून?"

"राग कायचा? पण तू महिनाभर आधी बोलला असता तं मी सौंसरातच म्हातारा झालो असतो." तो समोरच्या गाडीकडे पाहत होता. "इथं काम भल्लं आहे, गुणवंता. मी अजून कान लावतो. पण अंगाई म्हण म्हणणारं कोणी नाही."